हौसाबाईचं विरजण

हौसाबाई गेली सकाळी आठला, आणि नवाच्या आत तिचं दह्याचं गाडगंही गेलं.

गाडगं कुणी वाईट मनानं फोडलं नाही. करंजओढ्याच्या वाडीत घराघरावर सौरपत्रे चढले होते, डाळिंबाच्या बागांवर ड्रोन फवारणी करत होते, पण मरणाचे नियम आजीपणजीचेच होते. माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतायचं, शिजलेलं अन्न बाहेर काढायचं, मातीची भांडी मागच्या उकिरड्यावर फोडायची. हे काम घरच्यांनी करायचं नसतं. भाऊकीतल्या बायका पदर खोचून ते करतात आणि कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाहीत. हौसाबाईची चुलतजाऊ तर भलतीच कामसू. तिनं रांजण ओतला, माठ फोडला आणि फडताळातलं गाडगंही उचललं. सून सुवर्णा तेव्हा सासूच्या पायाशी बसली होती. मागच्या दारी खापरं फुटल्याचा आवाज तिनं ऐकला, पण त्या घटकेला सगळंच फुटत होतं, त्यात एक गाडगं वेगळं कसं ओळखू येणार?

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली, कोइमतूरहून आलेला धाकटा दीर ओसरीवर आडवा झाला, आणि सुवर्णा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. फडताळात गाडगं नव्हतं.

त्या गाडग्यात तिचा जीव होता. हे आपण बोलण्यापुरतं म्हणतो तसं नाही, अगदी शब्दशः.

सुवर्णाचा नवरा शहाजी गलाईवाला होता. सोनाराकडचा कचरा आणि मोडीचे दागिने वितळवून त्यातलं सोनं शुद्ध करायचं हे काम, आणि त्यासाठी या मुलखातले निम्मे पुरुष देशभर पांगलेले. लग्नात वाडीनं चेष्टा केली होती, की गड्यानं भट्टी न पेटवता सुवर्ण मिळवलं. पुढं तो कोइमतूरहून एचआयव्ही घेऊन आला, तो सुवर्णालाही दिला, गोळ्या कधी धड घेतल्या नाहीत, आणि छत्तिसाव्या वर्षी गेला. सुवर्णा गोळ्या नेमानं घ्यायची, पण परदेशी मदत आटली तेव्हा गोळ्याच नेमानं येईनात. कधी महिना कोरडा जायचा, कधी तीन. अर्धवट औषधाला विषाणू सरावतो, तसा तिच्या अंगातला सरावला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या एकाही गोळीला तो दाद देईना.

मग पुण्याच्या एका संस्थेनं तिच्या रक्तातल्या काही पेशी काढल्या, त्यांना नवं काम शिकवलं, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या जाळीदार डबीत घालून तिच्या डाव्या दंडात कातडीखाली बसवल्या. या राखणदार पेशी विषाणूला धरणारी चार प्रकारची प्रतिपिंडं तयार करायच्या. विषाणूनं एकाला चकवलं, तरी दुसरं धरायचंच. मात्र अशा पेशी माणसाच्या अंगात मोकाट सोडणं बरं नव्हे, म्हणून त्यांना कुलूप घातलेलं होतं. एक ठरावीक रेणू रक्तात पोचत राहिला तर पेशी जाग्या. तो थांबला की त्या झोपायच्या. आणि एकवीस दिवस थांबला, तर उपाशी मरून जायच्या, पुन्हा न उठण्यासाठी.

ही किल्ली रोज माणसाच्या पोटात घालायची कशी? गोळी काढली की पुन्हा कारखाना आला, ट्रक आला, परदेश आला. संस्थेतले डॉ. केळुसकर यांना त्यावर जे सुचलं, ते प्रयोगशाळेत सुचण्यासारखं नव्हतं. किल्ली तयार करणारं जनुक त्यांनी दह्याच्या जिवाणूत बसवलं. गोळी कुठून तरी यावी लागते. दही कालच्या दह्यातून येतं. रात्री दुधाला चमचाभर विरजण लावायचं, सकाळी औषध तयार. दंडात डबी नसलेल्यानं खाल्लं तर ते नुसतं दही, थोडासा पिकल्या कवठाचा वास असलेलं.

यात एकच मेख होती. जास्तीचं जनुक म्हणजे जिवाणूच्या डोक्यावरचं ओझं. ज्याच्याकडून ते चुकून सांडतं, तो हलका होऊन भराभर वाढतो आणि ओझंवाल्यांना मागं टाकतो. शंभरेक वेळा विरजलं की दह्यात किल्ली उरायची नाही. म्हणून संस्था दर तीन महिन्यांनी नव्या विरजणाची पुडी धाडायची. सोबत दह्याचा थेंब टाकून बघायच्या कागदी पट्ट्या. पट्टी निळी झाली तर किल्ली आहे, पांढरी राहिली तर नाही.

आणि दोन नियम. पहिला असा, की हे विरजण घराबाहेर द्यायचं नाही आणि बाहेरचं दही घरात आणायचं नाही. दुसरा नियम हौसाबाईच्या वर्मावर बसला होता.

तो दिवस सुवर्णा कधी विसरली नाही. कार्यक्रमाच्या समुपदेशक रुबीना मुलाणी पहिली पुडी घेऊन आल्या होत्या. त्या वेळी हौसाबाई सुनेला वेगळ्या ताटलीत वाढायची, आणि ती ताटली सुवर्णानं स्वतः घासून मागच्या खुंटीला अडकवायची.

"मावशी, तुम्ही हिच्या घरसाथी," मुलाणी मॅडम म्हणाल्या. "विरजण तुम्ही लावायचं. आणि दही दोघींनी एकाच गाडग्यातलं खायचं, रोज."

"एकाच?" हौसाबाईचा हात तोंडावर गेला. "का वो?"

"एकटीचं औषध असलं की माणूस विसरतं. घराचं जेवण असलं की कुणी विसरत नाही. आणि हा आजार जेवणातून लागत नाही, हे मी तुम्हाला आज दहाव्यांदा सांगतेय."

सांगून माणसं ऐकत असती तर काय हवं होतं! मुलाणी मॅडमनी मग वाद घातला नाही. सुवर्णानं चमचा लावलेल्या वाटीतूनच त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि वाटी म्हातारीपुढं सरकवली. हौसाबाई वाटीकडे बघत राहिली, मग परक्या बाईपुढं मान खाली जायला नको म्हणून तिनं एक चमचा तोंडात टाकला. "ग्वाड हाय की," ती पुटपुटली.

तिथून पुढं रोज एक गाडगं आणि दोन वाट्या. सहा महिन्यांत ती खुंटीची ताटली कोंबड्यांना पाणी प्यायला गेली. वर्षानं म्हातारी सुनेला दटावून वाढू लागली. सुवर्णा पहाटे डाळिंबाच्या पॅकिंग शेडवर कामाला जाई, तेव्हा दारात वाटी धरून हौसाबाई उभी. ती वाटी रिकामी झाल्याशिवाय उंबरा ओलांडायची प्राज्ञा नव्हती. अकरा वर्षं सुवर्णानं औषध म्हणून ते दही कधी खाल्लंच नाही. आत्तींच्या धाकानं खाल्लं.

चार वर्षांपूर्वी निधी संपला आणि पुड्या बंद झाल्या. इतर सगळ्या घरांत सहा महिन्यांच्या आत पट्ट्या पांढऱ्या पडल्या. ती माणसं नाइलाजानं पुन्हा गोळ्यांकडे वळली. एका सुवर्णाची पट्टी तेवढी निळीच येत राहिली. मुलाणी मॅडम पुण्याला कळवायच्या, पुण्याचे लोक नवल करायचे, आणि शोधायला पैसा नसल्यानं नवल तिथंच थांबायचं. आता तर ते दहीच संपलं होतं.

"मॅडम, आत्तींचं गाडगं फुटलं," सुवर्णानं फोनवर सांगितलं.

मॅडमनी पलीकडून विचारलं, "कधी?"

"तीन दिस झालं."

मुलाणी मॅडम आता दुसऱ्या नोकरीत होत्या, पण त्यांनी रजा टाकली आणि जुन्या वहीतल्या सदतीस घरांना फोन लावले. कुणाकडे चिमूटभर तरी विरजण असेल, फ्रिजच्या तळाशी एखादी पुडी असेल. कुठंच नव्हती. पुण्याच्या संस्थेतल्या मूळ कुप्या दुसऱ्या प्रयोगाला जागा हवी म्हणून दोन वर्षांपूर्वीच नष्ट केल्या होत्या. म्हणजे शिकल्यासवरल्यांनीही उकिरड्यावर गाडगंच फोडलेलं होतं, फक्त त्यांच्याकडे कुणी मेलं नव्हतं.

आठव्या दिवशी मॅडम येऊन बोटाचं रक्त तपासून गेल्या. हातातल्या छोट्या यंत्रावर आकडा उमटला, तसा त्यांनी तो सुवर्णाला दाखवला. लपवण्यात अर्थ नव्हता. अकरा वर्षं दबलेल्या विषाणूनं डोकं वर काढलं होतं.

"अजून तेरा दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "मी काहीतरी करते." काय करणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सुवर्णाला मरणाचं भय वाटत होतंच, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि तोही मेलेल्या म्हातारीचा. एवढी शहाणी बाई, एवढं सगळं सांभाळणारी, जाताना सुनेचं काय करायचं हे सांगून जाता येत नव्हतं? सकाळी दळण निवडलं आणि उठता उठता गेली. सुवर्णाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

घास तर घरात रग्गड पडला होता. दुःखाच्या घरी तेरा दिवस चूल पेटत नाही. वाडीतल्या बायका पाळीपाळीनं कडवा घास घेऊन येतात. भाकरी, पिठलं, भात, आणि प्रत्येकीच्या दुरडीत झाकलेली दह्याची वाटी. दीर पिठलं-भाकरी खायचा. त्याला दह्यानं खोकला व्हायचा. सुवर्णा चतकोर भाकरी मोडायची, आणि वाट्या होत्या तशाच नेऊन गायीच्या दावणीत ओतायची. परक्या घरचं दही खायचं नाही, हा नियम तिनं अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला होता. झाकण काढून वास घ्यायचंही तिला कधी कारण पडलं नव्हतं.

दहाव्या दिवशी ओढ्यावर पिंड ठेवला, आणि माणसं मागं सरकायच्या आत कावळा येऊन शिवला.

"काय मागं ठेवलं न्हाई म्हातारीनं," भाऊकी कौतुकानं म्हणाली. "समदी इच्छा पुरी करून गेली."

सुवर्णाच्या काळजात कळ आली. सगळी इच्छा पुरी? आणि मी? माझ्यात आत्तींचा एवढासुद्धा जीव अडकला नव्हता? कावळ्याला काय, त्याला भात दिसला की तो येतो, असं तिनं स्वतःला समजावलं. पण घरी येईपर्यंत डोळ्यांचं पाणी थांबलं नाही.

अकराव्या दिवशी कडव्या घासाची पाळी शेजारच्या बायडाक्काची होती. साठीची, बोलायला फटकळ, हौसाबाईची जन्माची मैत्रीण. दुरडी ठेवून ती रिकामी भांडी गोळा करायला आत गेली आणि कालच्या दोन भरलेल्या वाट्या हातात घेऊनच बाहेर आली.

"ही इंदीची, ही शेवंताची. हात बी लावला न्हाईस? सुवर्णे, कडवा घास असा फेकत्यात व्हय गं?"

"आक्का, मी दुसऱ्याच्या घरचं दही खात न्हाई. डाक्टरांनी सांगितलंय."

"दुसऱ्याच्या घरचं!" बायडाक्का तिच्याकडे बघतच राहिली. तिनं आपल्या दुरडीतल्या वाटीवरचं झाकण काढलं आणि वाटी सुवर्णाच्या नाकाखाली धरली. "वास घे."

सुवर्णानं वास घेतला. पिकल्या कवठाचा वास.

ती उठली, कपाटातून पट्ट्यांची डबी काढली. घाईत पहिली पट्टी खाली पडली. दुसरीवर बायडाक्कानंच बोटानं थेंब सोडला. थेंबाभोवतीचा कागद आधी करडा झाला, मग जांभळट, मग निळा. स्वच्छ निळा. शेवंताच्या वाटीतला थेंब निळा. इंदीच्या वाटीतला निळा.

"हे तुमच्याकडं कुठनं आलं?"

"कुठनं म्हंजे? हौसाक्कानं दिलं. आख्ख्या वाडीला दिलंय." बायडाक्का तिच्यासमोर बसली. "पुडी बंद झाली ना, त्या दिशी दुपारच्याला आली माझ्याकडं. तू शेडवर गेल्तीस. म्हणाली, बायडे, एका घरात ठेवलं तर एका दिसात मरंल. चाळीस घरात ठेवलं तर त्याला माराय चाळीस मरणं लागत्याल. आन् म्हणाली, दाराला इरजण मागाय येऊ नगा, सुनेला कळलं तर ती नियमाला भिऊन समदं बंद करंल. माझ्याकडनं न्या न्हाईतर एकमेकीकडनं न्या. पर मोडू देऊ नगा."

सुवर्णाच्या डोळ्यांपुढं गायीची दावण आली. नऊ दिवस ती स्वतःचा जीव स्वतःच्या हातानं दावणीत ओतत होती! आणि अकरा वर्षं ती समजत होती, की आपल्या दाराशी विरजण मागायला कुणी येत नाही ते आपल्या आजारामुळं.

"मग तुमाला... तुमाला माझं ठावं हाय?"

"शाजी कशानं गेला ते ठावं हुतं, मग तुझं ठावं नसंल व्हय?" बायडाक्का दुसरीकडे बघत म्हणाली. "पैल्यांदा आमी बी नीट वागलो न्हाई. तुझ्या हातचा च्या म्या दोनदा चुकवला. ध्यानात हाय माझ्या. पुढं हौसीला तुझ्यासंगं एका गाडग्यातलं खाताना बघितलं आन् लाज वाटली. पर तुला कुणी बोलल्यालं नगं हुतं, म्हून न्हाई बोललो. खा आता."

सुवर्णानं वाटी उचलली आणि चमच्याचीही वाट न बघता बोटांनी दही खाल्लं. वाटी पुसून चाटली. मग ती रडली, हौसाबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच मोकळेपणानं रडली.

सुतकाच्या बाईनं दुसऱ्याच्या घरी जायचं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मुलाणी मॅडम आल्या तेव्हा घरंच सुवर्णाच्या अंगणात आली. बायडाक्कानं निरोप फिरवला होता. धनगरवस्तीच्या बायका आल्या, बौद्धवस्तीतून आल्या, खालच्या आळीची जैबूनचाची आली. कुणाकडे गाडगं, कुणाकडे स्टीलचा डबा, कुणाकडे आईस्क्रीमचा रिकामा डबा. अंगणात ओळ लागली. मॅडम पट्टी टाकत होत्या, सुवर्णा नाव सांगत होती. निळी. निळी. निळी. पंधराव्या पट्टीनंतर मॅडमनी बोलणं बंद केलं, नुसत्या टाकत गेल्या. बेचाळीस घरांच्या पट्ट्या निळ्या आल्या, एकच तेवढी पांढरी निघाली. तो चहाटपरीवाला पांडा पिशवीतलं विकतचं दही घेऊन आला होता, आणि वाडीनं त्याला हसून हसून पळवून लावलं.

तेराव्याच्या दिवशी मुलाणी मॅडमच्या सोबत पुण्याहून डॉ. केळुसकर स्वतः आले. साठीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्यांनी आधी जेवायला नकार दिला, मग दह्याचा वास आला तसे पंगतीत बसले. जेवण झाल्यावर त्यांनी बायडाक्काला विचारलं, "आजी, विरजण कसं ठेवता ते मला नीट सांगाल?"

"त्यात काय सांगायचं? सकाळी दह्याचा वास घ्यायचा. कवठाचा वास आला तर त्यातलं चमचाभर इरजणाला काढायचं. वास न्हाई आला, तर ते समदं कढीला, आन् इरजण शेजारनीकडनं आणायचं. बिनवासाचं दही आंबट लागतंय वो. ते कोण ठेवील?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"तुम्हाला कळतंय का, यांनी काय केलंय?" ते मुलाणी मॅडमना म्हणाले, पण बघत होते अंगणातल्या बायकांकडे. "तो वास किल्लीचाच आहे. जिथं जनुक सांडलं तिथं वास गेला, आणि वास गेलेलं प्रत्येक गाडगं यांनी कढीला घातलं. एका घरात हे जमलं नसतं. एका घरातलं सगळंच्या सगळं एके दिवशी बिघडतं आणि मग आणायचं कुठून? पण इथं बेचाळीस गाडगी आहेत, आणि रोज त्यांतली चांगली तेवढीच पुढं जातात. चार वर्षं, दीड हजार वेळा. मी शंभरच्या पुढं जाऊ शकलो नाही. माझ्याकडे तीन कोटींचं यंत्र होतं."

"आन् कढी काय वाईट न्हवती," बायडाक्का म्हणाली.

हसले सगळेच, डॉक्टरही. पण सुवर्णाच्या अंगावर काटा आला होता. ओसरीपुढं ठेवलेली ती साधी गाडगी, डबे, वाट्या ती बघत होती. त्यांतल्या प्रत्येकात डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जीव तिची किल्ली डोक्यावर घेऊन वाढत होते, आणि बेचाळीस घरांतल्या बायका रोज सकाळी नाकानं त्यांची निवड करत होत्या. रोज सकाळी, ती शेडवर डाळिंबं निवडायला गेल्यावर. एवढं मोठं काहीतरी आपल्याभोवती चाललेलं आणि आपल्याला पत्ता नाही! चांदण्यात उघड्या माळावर उभं राहिल्यावर छाती दडपते, तशी तिची छाती दडपली. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक निरक्षर म्हातारी होती, जिनं संस्थेचा पहिलाच नियम धाब्यावर बसवला होता.

"कागदोपत्री हा गुन्हाच आहे," केळुसकर म्हणाले. "जनुक बदललेला जीव घराबाहेर गेला. मला ते लिहावंच लागेल. पण त्याखाली हेही लिहीन, की चार वर्षांत इथं कुणाला काही झालं नाही आणि एक बाई जगली. हे टिकतं एवढं सिद्ध झालं, तर डब्या पुन्हा बसवता येतील. आणि फक्त इथंच नव्हे, तर मलावीत, मोझांबिकमध्ये, जिथं जिथं घरात दूध आंबवतात आणि शेजारीण शेजारणीला नाही म्हणत नाही, तिथं." त्यांनी नमुन्याची कुपी भरली आणि पेन काढलं. "नोंदीला पूर्वीसारखा सांकेतिक क्रमांकच घालतो. नाव कुठं येणार नाही, काळजी करू नका."

सुवर्णानं दिराकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग तिनं बायडाक्काकडे पाहिलं.

गुपित म्हणून अकरा वर्षं जे उराशी धरलं, ते तिच्यासाठी सगळी वाडी धरून बसली होती. आता ते कुणापासून लपवायचं?

"नाव लिवा," ती म्हणाली. "सुवर्णा शहाजी शिंगटे. मला एचआयव्ही हाय. आन् इरजण हौसाबाईचं, असं बी लिवा. ते आधी लिवा."

दिरानं मान वर केली. तो उठला आणि वहिनीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला.

पंधराव्या दिवशी बायडाक्कानं नवं गाडगं आणून दिलं, त्यात आपल्या घरचं विरजण लावून. महिन्याभरानं मुलाणी मॅडमनी बोटाचं रक्त तपासलं. राखणदार पेशी जाग्या होत्या. यंत्राला विषाणू सापडला नाही. सुवर्णा पुन्हा शेडवर जाऊ लागली. दारात वाटी धरून उभं राहणारं आता कुणी नव्हतं, म्हणून ती सकाळी ओसरीच्या कडेला बसून खायची, रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. बायडाक्का कुंपणापलीकडून ओरडायची, "खाल्लंस का गं?" आणि ती वाटी उलटी करून दाखवायची.

एकदा ती संध्याकाळी शेडवरून येऊन हातपाय धूत होती. वाडीत नियम आहे, दिवेलागणीनंतर घरातलं विरजण बाहेर द्यायचं नाही. लक्ष्मी जाते म्हणतात. सूर्य टेकला होता, आणि सुवर्णा देवापुढची वात सारखी करायला वळली, तोच फाटकाशी पावलं वाजली. धापा टाकत इंदी आली होती, बायडाक्काच्या पलीकडच्या घरातली धाकटी सून. तिच्या हातात रिकामी वाटी होती.

"वैनी, इरजण हाय का? आमच्या मांजरानं समदं गाडगं लवंडलं बघा. लवकर द्या, दिवा लागायच्या आत."

अकरा वर्षांत तिच्या दारात येऊन, तिच्या हातचं विरजण कुणी मागितलं नव्हतं.

"हाय की," ती म्हणाली. "आण वाटी."

तिनं झाकण काढलं, वास घेतला आणि चमचाभर दही इंदीच्या वाटीत घातलं. मग अजून एक चमचा घातला. इंदी पदराखाली वाटी धरून पळाली.

ती फाटकाबाहेर गेल्यावर सुवर्णानं दिवा लावला.